प्लॉटवर बागेचं आरक्षण आहे म्हणून नगरपालिकेने बांधकाम परवानगी नाकारली, आता काय करता येईल?

नकाराविरुद्ध एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ४७ खाली ४० दिवसांत अपील करता येतं. पण खरं सांगायचं तर आरक्षण कायम असेपर्यंत त्यातून फारसं हाती लागत नाही. मूळ दुखणं आरक्षणाचं आहे.

आधी विकास आराखडा अंतिम होऊन कधी लागू झाला ती तारीख पाहा. १० वर्षं उलटली असतील आणि जागा संपादित झाली नसेल, तर कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे जागा संपादित करा अशी नोटीस, नगरपालिकेला द्या. सोबत मालकीची कागदपत्रं हवीतच. सातबारा, फेरफार, खरेदीखत. आवक क्रमांकासह पोच घ्या, कारण पुढचे २४ महिने त्या तारखेपासून मोजतात. तेवढ्यात संपादनाचं ठोस पाऊल पडलं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. 'आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना प्रस्ताव पाठवलाय' हे नेहमीचं उत्तर. पण नुसतं असं पत्र म्हणजे पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात म्हटलंय.

जागेच्या मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) घ्या असंही सुचवतील. छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक मिळतं का, ते आधी बघा.