सेलमचे चेटूक-खटले: भाऊबंदकी किती, भीती किती?

प्रश्न: १६९२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये झालेले चेटकाचे आरोप म्हणजे जमिनीचे जुने हिशेब चुकते करणं होतं का?

काही अंशी हो. सेलम गावात पुटनम घराण्याचा शेजारच्या टॉप्सफील्डकरांशी हद्दीवरून वर्षानुवर्षं तंटा होता. रिबेका नर्स, मेरी ईस्टी आणि सेरा क्लॉईस या तिघी बहिणी मूळच्या टॉप्सफील्डच्या टाऊन घराण्यातल्या, आणि तिघींवरही आळ आला. थॉमस पुटनमला घरातलाही सल होता. बापाच्या मृत्युपत्रात सावत्र आई आणि सावत्र भाऊ जोसेफ यांना झुकतं माप मिळालं, आणि जोसेफने लग्न केलं ते प्रतिस्पर्धी पोर्टर घराण्यात. अनेक फिर्यादी याच थॉमसने गुदरल्या.

पण सगळं भाऊबंदकीवर ढकलणं मला पटत नाही. रिबेकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या जोनाथन पुटनमनेच पुढे तिच्या बाजूच्या अर्जावर सही केली. त्या अर्जावर ३९ जणांच्या सह्या होत्या.

प्रश्न: एवढा पाठिंबा असून रिबेका सुटली कशी नाही?

सुटलीच होती! ज्युरीने आधी तिला निर्दोष ठरवलं. त्यासरशी 'पीडित' मुलींनी, म्हणजे चेटकाने आपल्याला छळलं असं सांगणाऱ्या मुलींनी, आकांत मांडला. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने ज्युरीला तिच्या एका उद्गाराची आठवण दिली. चेटकाची कबुली दिलेली एक बाई साक्षीला आली, तेव्हा रिबेका म्हणाली होती, 'ही तर आमच्यातलीच.' याचा अर्थ काय, असं ज्युरीने विचारलं. ७१ वर्षांची ती म्हातारी, कानाने मंद, दुःखाने खचलेली. तिला प्रश्न ऐकूच आला नाही. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ गुन्हा असा लावला गेला. आपण 'आमच्यासोबतची कैदी' एवढंच म्हणत होतो, हे तिने नंतर लिहून दिलं, पण उपयोग झाला नाही. १९ जुलैला तिला फाशी झाली. मेरीही सप्टेंबरात गेली. सेरा तेवढी वाचली.

प्रश्न: तिथे बायकांना जिवंत जाळलं का?

नाही. १९ जणांना फाशी झाली, त्यांत पुरुषही होते. गाइल्स कोरीला अंगावर दगड रचून मारलं.

प्रश्न: कुणी माफी मागितली का?

थॉमसची मुलगी अ‍ॅन ही आरोप करणाऱ्या मुलींपैकी एक; तेव्हा ती १२ वर्षांची होती. १७०६ साली तिने चर्चमध्ये उभं राहून माफी मागितली, रिबेका आणि तिच्या बहिणींचं नाव घेऊन. राग किंवा द्वेष नव्हता, सैतानाने भुलवलं, असं तिचं म्हणणं. तिच्यापुरतं ते मी मानतो. तिच्या बापाबद्दल मात्र तसं म्हणवत नाही. रिबेकाला चर्चमधून काढून टाकल्याचा निर्णय १७१२ साली रद्द झाला.