शक्ती मागाहून दे, आधी पोरगा कोण ते ठरव

सोलापूर

पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या तीन मिनिटांच्या सुपरहिरो अ‍ॅनिमेशन फिल्मचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटवार काढलेली चित्रं, मिळाला, एका बैठकीत सगळा पाहिला. तुझी रेघ आता मोकळी झालीय. पूर्व भागातल्या गल्ल्या, घराला लागून असलेलं मागाचं शेड, दारात विड्या वळत बसलेल्या बायका, हे सगळं तू बघून काढलंयस, आठवून नाही. त्याचा मला फार आनंद झाला.

पण तुझा नायक? तीन मिनिटांत तो उडतो, अदृश्य होतो, एका हातानं ट्रक उचलतो आणि सिद्धेश्वर तलावावरून झेप घेऊन खलनायकाला लोळवतो. आणि बोर्ड संपल्यावर मला त्याच्याबद्दल एक वाक्यही सांगता येईना. त्याला कशाची धास्ती आहे, घरात त्याचं कुणाशी बिनसलंय, काहीच नाही. वीज पडली आणि शक्ती मिळाली, एवढंच. ती वीज शेजारच्या पोरावर पडली असती तरी गोष्ट तीच राहिली असती, आणि माझं दुखणं तेच आहे.

2004 सालचा ‘द इन्क्रेडिबल्स’ पुन्हा बघ. ब्रॅड बर्डनं त्या घरातल्या शक्ती माणसं बघून वाटल्या आहेत. चारी बाजूंनी ओढली जाणारी आई रबरासारखी ताणली जाते. कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटणारी वयात आलेली मुलगी अदृश्य होते. एका जागी न बसणारा पोरगा वाऱ्यासारखा पळतो. घर पेलायचं म्हणून बाप बलदंड. शक्ती काढून घेतली तरी ती माणसं तशीच राहतात, आणि म्हणून शक्ती वापरताना ती खरी वाटतात.

तुझ्या पोराचं घर मागावर चालतं. मग शक्तीसाठी आभाळाकडे कशाला बघायचं? शेडमध्ये इतका खडखडाट असतो की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि त्या गोंगाटातही मुरलेल्या कामगाराला आवाजातला बारीक फरक कळतो. तुझ्या पोराचा कान तसा असू दे. सगळ्या शहराचं तो ऐकतो. आणि बापाचे कान? आयुष्यभर मागापाशी उभं राहून मंद झालेले. ज्याला सगळं ऐकू येतं त्याला घरी एकच गोष्ट दहादा ओरडून सांगावी लागते, आणि तरी खरं बोलणं राहूनच जातं. ही माझी सूचना आहे, पटली तर घे. पण एकच शक्ती दे आणि तिची किंमत घरातच वसूल होऊ दे.

आता हालचाल. सगळ्यात जास्त मला याच्यावर बोलायचंय, कारण अ‍ॅनिमेशनची सुपरहिरो फिल्म वेगळी ठरते ती इथे. खऱ्या सिनेमात कॅमेरा लावला की धूळ, वारा, मागून जाणारी रिक्षा आपसूक येते. आपल्याकडे आपसूक काही येत नाही. पोरगा मान किती वेळात वळवतो हेसुद्धा कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. मग ते ठरवताना त्याच्या मनाला का विचारू नये?

2018 च्या ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’मध्ये हेच केलंय. सेकंदाला फ्रेम 24. प्रत्येक फ्रेमला नवी पोझ दिली तर ऑन वन्स, एक पोझ दोन फ्रेम धरली तर ऑन टूज, म्हणजे सेकंदाला 12 पोझ. जंगलातल्या प्रसंगात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर ऑन वन्स झुलतो, आणि त्याच शॉटमध्ये फिल्मचा नायक, नवशिका माइल्स, ऑन टूज धडपडतो. प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नसतं, पण एकाचं अंग सरावलेलं आहे आणि दुसऱ्याचं नाही हे त्याला डोळ्यांनीच कळतं. पुढे माइल्स शिकतो तशी त्याची चालही सफाईदार होत जाते.

त्याच फिल्ममधली इमारतीवरची उडी फ्रेम-फ्रेम थांबवत बघ. माइल्स उडी घेतो तेव्हा त्याची बोटं काचेला चिकटलेलीच असतात. सुटत नाहीत, काचच फुटून त्याच्याबरोबर येते. म्हणजे भीती गेलेली नाही, भीतीसकट उडी घेतलीय. मग कॅमेरा उलटा होतो आणि खाली पडणारा पोरगा पडद्यावर वर चढताना दिसतो. तिथे एकही संवाद लागलेला नाही. मी वर्गात हा प्रसंग दाखवते तेव्हा आवाज बंद करून दाखवते, तरी पोरं श्वास रोखून बसतात.

तुझ्या बोर्डावर मात्र सगळीकडे छापील ठिपके पेरलेले दिसले. ते काढून टाक. ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये ते शोभतात, कारण तो नायक मूळचा छापील कॉमिकमधला. दूरच्या गोष्टी धूसर करायच्या तर तिथे नेहमीचा ब्लर न वापरता छपाईत रंग सरकल्यासारखे दाखवलेत, तेही त्याच हिशेबानं. तुझा पोरगा छापखान्यातून आलेला नाही. तो चादरीतून आलाय. जेकार्ड मागावरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पडतात, आणि पत्त्यांवरून धागे उचलले जातात. म्हणून चादरीवरच्या मोराची मानसुद्धा पायऱ्या-पायऱ्यांनी वळते. ती पायरीची कड तुझ्या रेघेत आण. अजून एक: चादर उलटी केली की नक्षी तीच राहते, रंग उलटतात. ‘स्पायडर-व्हर्स’च्या 2023 च्या पुढच्या भागात स्पायडर-वुमन ग्वेनच्या जगातले जलरंग तिच्या मनाप्रमाणे बदलतात, बापाशी बोलताना भिंतींवरून ओघळतात. तुझ्याकडे त्याहून जवळचा नियम घरातच पडलाय. पोरगा ऐकायला लागला की चित्राचे रंग उलटू दे, थांबला की पुन्हा सुलटे.

ट्रक उचलण्याचा शॉट ठेवायचाच असेल तर निदान त्याला वजन दे. आत्ता तो थर्माकोलचा वाटतो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या वेळी नंदीध्वजांच्या मिरवणुकीत वही घेऊन उभी राहा. बाराबंदीतला माणूस तो उंच ध्वज कसा पेलतो ते बघ. चेहऱ्याकडे बघू नकोस, कंबर आणि गुडघे बघ. पाऊल टाकायच्या आधी अंग कुठे झुकतं, वरचा शेंडा हलला की खाली टाच कशी सरकते, आजूबाजूचे हात कधी पुढे येतात. ताकद दाखवायची तर तोल सावरण्याची धडपड काढावी लागते.

संवाद पुस्तकी झालेत. तुझा नायक ‘मी या शहराचे रक्षण करीन’ म्हणतो. आपल्याकडे कोण असं बोलतं? आजी त्याच्याशी तेलुगूत बोलेल, दोस्त ‘का बे, कुठं निघालास?’ विचारेल, कानडीतला एखादा शब्द मध्येच येईल. भाषांतराची पट्टी देऊ नकोस, सूर पुरेसा आहे.

खलनायकाबद्दल थोडंच सांगते. त्याला राक्षस करू नकोस. पोराला ऐकू येऊनही जे त्यानं ऐकलं नाही, त्यातून तो उभा राहू दे.

शेवटी हिशेब, कारण तू हे एकटीनं करणार आहेस. तीन मिनिटं म्हणजे 180 सेकंद, 4320 फ्रेम. सगळं ऑन टूज धरलंस तरी 2160 चित्रं. रोज दहा स्वच्छ चित्रं झाली तरी 216 दिवस, आणि त्यात कॉलेज आहे, परीक्षा आहेत. तेव्हा मारामारी दीड मिनिटाची आहे ती वीस सेकंदांवर आण. वाचलेली मेहनत बाप-लेकाच्या प्रसंगाला दे. फक्त एकाच ठिकाणी ऑन वन्स जा, बाप पहिल्यांदा पोराच्या ओठांकडे बघून त्याचं बोलणं समजून घेतो तिथे. बाकी सगळीकडे पोझ धरून ठेव, लाजू नकोस.

तेवढ्या एका प्रसंगाचा अ‍ॅनिमॅटिक आधी कर, म्हणजे ही चित्रं वेळेनुसार जोडून कच्ची फिल्म बनव. रंग नको, पार्श्वसंगीत नको, नुसता मागाचा आवाज. तो शेडमध्ये जाऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून आण, नेटवरचा उचलू नकोस. टायमिंग बसलं की पाठव, मग बाकीच्या शॉट्सचं बघू.

तुझी,
मॅडम