अथेन्समधल्या एका महागड्या रेस्टॉरंटच्या मेनूवर माशापुढे ६५ युरो लिहिलंय. हा एका प्लेटचा भाव का?

नाही, तो किलोचा भाव असणार. ग्रीसमध्ये ताजा अख्खा मासा वजनावर विकतात आणि वजन बहुतेक ठिकाणी शिजवण्याआधीच्या कच्च्या माशाचं धरतात. म्हणून बर्फावर मांडलेल्यांतून मासा स्वतः निवडा, समोर वजनकाट्यावर ठेवायला लावा आणि एकूण किती युरो होतील ते तिथेच विचारा. कितीही गर्दी असली तरी संकोचू नका, तिथे हे रोजचंच आहे. दोघांना साधारण ८०० ग्रॅमचा एक मासा पुरतो, कारण डोक्या-काट्यातच बरंच वजन जातं. कालामारी (म्हणजे स्क्विड, माकुल), ऑक्टोपस मात्र बहुधा प्लेटच्या भावाने मिळतात. नावापुढे तारका (*) दिसली तर तळटीप नक्की वाचा, तो माल सहसा फ्रोझन असतो.