समुद्राचं पाणी उकळत नाही, मग त्याची वाफ कशी होते? आणि एवढी वाफ जाऊनही समुद्र आटत का नाही?

वाफ व्हायला पाणी उकळावं लागत नाही. उकळताना पाण्याच्या पोटातही बुडबुडे धरतात. बाष्पीभवन फक्त पृष्ठभागावर चालतं आणि ते थंड पाण्यातूनही होतं. वेगवान रेणू सुटून हवेत जातात, हवेतले काही परत पाण्यात येतात. जाणारे जास्त की येणारे, हे पाण्याच्या तापमानावर आणि वरच्या हवेत आधीच किती बाष्प आहे यावर ठरतं.

पाठ्यपुस्तकातल्या जलचक्राच्या चित्रावर माझा जुना राग आहे. सूर्य असतो, ढग असतो, बाण असतात. वारा मात्र कुणी काढत नाही. ऊन असूनही दमट हवेत कपडे लवकर वाळत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण समुद्राचा विषय निघाला की फक्त सूर्य आठवतो. प्रत्यक्षात सर्वांत जास्त बाष्पीभवन विषुववृत्तावर होत नाही, कारण तिथली हवा दमट आणि वारे मंद. ते होतं त्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत, जिथे तुलनेने कोरडे व्यापारी वारे सतत वाहतात. गल्फ स्ट्रीम आणि जपानजवळचा कुरोशिओ या उबदार प्रवाहांवर तर बाष्पीभवनाचा जोर हिवाळ्यात असतो! खंडावरून आलेली थंड, कोरडी हवा कोमट पाण्यावरून जाताना बाष्प अक्षरशः ओढून घेते.

धूमकेतूमुळे आपल्याला माहीत असलेल्या एडमंड हॅलीने १६८७ मध्ये याचा हिशेब मांडला होता. मिठाचं पाणी भांड्यात उन्हाळ्याच्या हवेइतकं गरम ठेवून वजन किती घटतं ते त्याने तराजूवर पाहिलं, आणि त्यावरून भूमध्य समुद्राचा अंदाज बांधला. नद्या आणतात त्याच्या जवळपास तिप्पट पाणी वाफ होऊन जातं, असं त्याचं गणित निघालं. वाऱ्यामुळे आणखी पाणी जातं, पण त्याचा नियम बांधता येत नाही, हेही त्याने नोंदवून ठेवलं.

आता आटण्याचं. जगभरच्या समुद्रांतून वर्षाला चार लाख घन किलोमीटरहून जास्त पाणी उडतं, म्हणजे सरासरी एक मीटरपेक्षा जाड थर. पण त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पावसाने थेट समुद्रातच पडतं. उरलेलं सुमारे ४० हजार घन किलोमीटर वाऱ्याबरोबर जमिनीवर येतं आणि जवळपास तेवढंच नद्या, हिमनद्या व भूजलातून परत जातं. हा फेरा वेगवानही आहे: बाष्प हवेत सरासरी आठ-दहा दिवसच राहतं. वातावरणातलं सगळं बाष्प एकदम खाली आलं, तर पृथ्वीवर जेमतेम अडीच सेंटीमीटरचा थर होईल. साठा एवढा लहान असल्यामुळे गेलेलं पाणी लगेच परतावंच लागतं.

एकेकटा समुद्र मात्र खरंच आटू शकतो. तांबड्या समुद्रातून वर्षाला सुमारे दोन मीटर पाणी उडतं, पाऊस नगण्य, बारमाही नदी एकही नाही. बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून हिंदी महासागराचं पाणी आत येतं म्हणून तो टिकून आहे. मीठ वाफेबरोबर जात नाही, त्यामुळे त्याच्या उत्तर भागात लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर क्षार सापडतात. खुल्या महासागरात ते ३५ च्या आसपास असतात.