गव्हातलं वर्तुळ कुणी काढलं?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडला असतो, तो विल्टशरला गव्हाच्या शेतातली गोल नक्षी बघून आला आणि म्हणतो काड्या मोडल्याच नव्हत्या, नुसत्या गाठीत वाकलेल्या. मग हे माणसाचं काम कसं?

उत्तर : अहो, वाकलेल्या काडीवर जाऊ नका. हिरवा गहू तुडवला तरी बराचसा मोडत नाही, लवतो, आणि मग गाठीत वळून परत वर उठायला बघतो, आपल्याकडे वादळात लोळलेला गहू बघा ना, तसंच. ही भानगड वाढवली डग बॉवर आणि डेव्ह चोर्ली या दोघा मित्रांनी, साधन काय तर फळी, दोरी आणि सरळ रेषेसाठी टोपीला लावलेली तार! १९९१ ला त्यांनीच पेपरात कबूल केलं, आणि त्यांनी काढलेलं एक वर्तुळ वर्तुळांच्या एका जाणकाराने अस्सल म्हणून पासही केलं होतं (मला हा भाग फार आवडतो).

भाच्याला सांगा, पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या बघ, त्यातून चालत आत गेलं की गव्हात माग राहत नाही. मधोमध खुंटीचं भोक दिसतं का तेही बघ. आणि आधी शेतकऱ्याला विचार, पीक त्या बिचाऱ्याचं लोळलंय.