श्वानगाउच्या ढालीवर कुत्रा का नाही?

प्रश्न असा आलाय की जर्मनीत बायर्नमध्ये श्वानगाउ नावाचं गाव आहे, त्याच्या चिन्हात लाल ढालीवर पांढरा हंस आहे, मग नावात 'श्वान' कुठून आला? आणि अशा चिन्हाला जर्मनमध्ये वापन म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं?

तर जर्मनमध्ये श्वान म्हणजेच हंस. कुत्र्याला ते हुंड म्हणतात. आता गंमत बघा, आपल्या संस्कृतातला श्वान आणि त्यांचा हुंड हे दोघं मूळचे एकाच घरचे, फक्त जुन्या 'क'चा आपल्याकडे 'श' झाला आणि तिकडे 'ह', जसं आपलं शत तसं त्यांचं हुंडर्ट. त्यांच्या श्वानाचं नातं लावतात ते संस्कृत 'स्वन'शी, म्हणजे आवाज, म्हणजे हा आवाज करणारा पक्षी. आणि आपला हंस कुठे गेला? तो तिकडे 'गान्स' झालाय, म्हणजे इंग्रजीतला गूज. थोडक्यात आपला श्वान तिकडे हुंड, आपला हंस तिकडे गान्स आणि त्यांचा श्वान आपल्या स्वनाचा भाऊबंद, सगळी पात्रं तीच पण मुखवटे बदललेले!

'गाउ' ऐकून गाव वाटतं ना? तेही नाही. गाव आला ग्रामवरून, गाउ म्हणजे मुलूख, प्रदेश. श्वानगाउ ज्या भागात आहे त्या आल्गॉयच्या नावात शेवटी हाच शब्द दडलाय. म्हणजे कुत्र्यांचं गाव नाही, हंसांचा मुलूख.

हंस ढालीवर आला तो श्वानगाउच्या सरदार घराण्याकडून. त्यांच्यातला हिल्टबोल्ट हा प्रेमगीतं रचणारा कवी होता, आणि १४व्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकमध्ये तयार झालेल्या मानेसे हस्तलिखितात (अशा कवींच्या गीतांचा सचित्र संग्रह) त्याचं चित्र आहे, दोन बायकांबरोबर नाचतोय आणि डोक्यावर चक्क शिरस्त्राण, त्याच्यावर हंस! (नाचायला शिरस्त्राण घालून कोण जातं, पण चेहऱ्यापेक्षा चिन्ह ओळखू यावं हा त्या काळचा हिशोब.) रंगांचा नियमही त्यातूनच आला, पांढऱ्याला चांदी म्हणायचं, पिवळ्याला सोनं, आणि धातूवर धातू किंवा रंगावर रंग शक्यतो टाकायचा नाही, म्हणजे लांबून ढाल कळते. लालवर पांढरा हंस या नियमात फिट बसतो. पुढे १८६९ मध्ये राजा दुसऱ्या लुडविगने इथेच तो जगप्रसिद्ध किल्ला बांधायला घेतला, त्याचं नोयश्वानश्टाइन हे नाव मात्र १८८६ मध्ये राजा गेल्यानंतरचं, अर्थ नवीन हंसशिळा.

नाव चित्रातून बोलून दाखवणाऱ्या अशा चिन्हाला जर्मनमध्ये 'बोलणारं वापन' म्हणतात. सगळीच खरं बोलतात असं नाही हं. बर्लिनच्या ढालीवर अस्वल आहे कारण अस्वल म्हणजे बेअर आणि कानाला जुळतं, पण बर्लिन हे नाव मुळात स्लाव्ह भाषेतलं, दलदलीवरून आलेलं मानतात, अस्वलाचा काही संबंध नाही. श्वानगाउचा हंस त्या मानाने प्रामाणिक.

राहिला वापन. हा आणि वाफं (शस्त्र) मुळात एकच शब्द, इंग्रजीतला वेपन तोच. दक्षिणेकडच्या जर्मनमध्ये 'प'चा 'फ' झाला, शिपचं शिफ, ओपनचं ओफन तसं. पण सरदारी थाटाचे बरेच शब्द नेदरलँड्सकडून आले, त्यांच्यात 'प' तसाच राहिला. आधी दोन्हींचा अर्थ शस्त्रच होता, १६व्या शतकाच्या सुमारास वाटणी झाली, हत्यार एकाकडे आणि ढालीवरचं चित्र दुसऱ्याकडे.

मराठीत घराण्याचं असेल तर कुलचिन्ह चालतं, पण गावाला कसलं कुल? राजमुद्रा म्हटलं तर शिक्का डोळ्यासमोर येतो, बोधचिन्ह म्हटलं तर कंपनीचा लोगो वाटतो. मी तरी 'ढालचिन्ह' लिहितो, ढाल त्यात असतेच.