ॲडमिट असताना घरच्या गोळ्या का घेऊ देत नाहीत?

तुम्ही विचारलंय, आईंच्या बीपी-शुगरच्या त्याच गोळ्या पिशवीत असताना सिस्टर त्या घेऊ देत नाहीत, हा पैसे काढायचा प्रकार आहे का? मी स्वतः वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून लिहिते.

गोळी घरची असल्याने बिघडत नाही. ती चार्टवर न लिहिता पोटात जाते, तेव्हा बिघडतं. समजा घरी त्या टेल्मा घेतात. वॉर्डात तेच टेल्मिसार्टन दुसऱ्या कंपनीचं, दुसऱ्या नावाने मिळतं. ‘माझी बीपीची राहिली’ असं वाटून त्या पिशवीतली आणखी एक घेतात. बीपी उतरतं, बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडतात, आणि डॉक्टरांना चार्टवर एकच गोळी दिसते. डोलोचंही तेच, ती म्हणजे पॅरासिटामॉलच. सलाईनमधून पॅरासिटामॉल चालू असतं आणि ताप वाढला म्हणून नातेवाईक वरून गोळी देतात. दिवसाला 4 ग्रॅमच्या वर गेलं की लिव्हरला धोका.

शुगरच्या गोळीची मला जास्त भीती वाटते. ऑपरेशनसाठी उपाशी असलेल्या पेशंटने सवयीने ग्लिमेपिराइड घेतली तर शुगर फार खाली जाऊ शकते, आणि गुंगीतल्या माणसाच्या ते पटकन लक्षातही येत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या तर ऑपरेशनआधी किती दिवस थांबवायच्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

पैशांची तुमची तक्रार मात्र खोटी नाही. औषध कुठून घ्यायचं हे निवडण्याचा हक्क मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहे. तेव्हा वाद न घालता सगळ्या गोळ्या, काढे-चूर्णंसुद्धा, मूळ पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. नाव आणि एक्स्पायरी कापली गेलेली पट्टी किंवा डबीतल्या सुट्या गोळ्या आम्हाला ओळखता येत नाहीत. ‘हीच चालेल’ असं डॉक्टर म्हणाले तर चार्टवर लिहायला सांगा आणि गोळ्या सिस्टरकडे द्या, उशीखाली ठेवू नका.

आईंना फिट्सची किंवा पार्किन्सनची गोळी चालू असेल तर ॲडमिट होतानाच सांगा. ती चुकणंही तितकंच घातक, आणि वॉर्डात ती लगेच मिळेलच असं नाही. डिस्चार्जच्या वेळी नव्या आणि जुन्या गोळ्या शेजारी ठेवून यातली कुठली बंद करायची, ते विचारून घ्या.